हिरव्या पावगाडीचा जीर्णोद्धार

खेळण्यातल्या जुन्या गाड्या जमवणारी माणसं त्या गाड्यांशी खेळत नाहीत, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं आणि तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. खेळणं सोडाच, ही माणसं गाडी डब्यातून बाहेरही काढत नाहीत. ज्या गाडीला कुठल्याही पोराचा हात कधी लागला नाही, तीच त्यांच्या लेखी खरी गाडी. प्रेस्टनच्या एका गृहस्थाकडे तर गाडी एकही नाही, नुसते पुठ्ठ्याचे रिकामे डबे बारा आहेत, आणि तो त्या जोरावर संग्राहक मंडळाचा उपाध्यक्ष आहे. अशा माणसांपुढे मी माझ्या बापाच्या इज्जतीसाठी पदर पसरायला गेलो. दुसरं काय होणार होतं?

झालं ते असं. मार्च महिन्यात एका सकाळी ऑर्म्सकर्कच्या साप्ताहिकात बातमी आली की, लॅपविंग कारखान्याच्या प्रसिद्ध पावगाडीला या वर्षी पन्नास वर्षं होत आहेत. म्हणजे बेकरीचा पाव घरोघर नेणारी ती बुटकी मोटार, तिची वीतभरही नसलेली जस्ताची प्रतिकृती. त्यानिमित्त संग्राहक मंडळ मेथडिस्ट चर्चच्या सभागृहात प्रदर्शन भरवणार होतं आणि मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त दंतवैद्य ऑब्री पिलिंग, लॅपविंगच्या गाड्यांचा समग्र इतिहास छापणार होते. शेवटी एक ओळ होती : ‘ही देखणी गाडी मालकांचे पुतणे लायनेल कार्टमेल यांच्या कल्पनेतून साकारली.’

चहा माझ्या नाकात गेला.

“लायनेल!” मी ओरडलो. “लायनेल कार्टमेलला पट्टी धरून सरळ रेघ मारता येत नव्हती!”

“पाव कापू का नको, तेवढं सांग,” माझी बायको डोरीन म्हणाली. ती पाव कापायची फळी धूत होती. त्या फळीच्या कोपऱ्यात तीन छोटे खड्डे आहेत आणि त्यात पावाचा चुरा अडकतो. गेली तेहतीस वर्षं डोरीन तो केसांच्या पिनेने टोकरून काढते आणि टोकरताना माझ्या वडिलांचा उद्धार करते, कारण फळी त्यांनी केलेली. “तुझ्या बापाला इथे भोकं पाडायची काय अवदसा आठवली होती कोण जाणे!” हे वाक्य आमच्या घरी प्रार्थनेइतकं नियमित म्हटलं जातं.

पावगाडीही माझ्या बापानेच केलेली. हॅरल्ड हेस्केथ हे लॅपविंगमध्ये नमुने बनवणारे कारागीर होते. एकोणीसशे एकोणपन्नास साली ते घडीची पट्टी घेऊन ऑटन स्ट्रीटवर बेकरीच्या गाडीची मापं घेत उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी गाडीवाल्याने हवालदार बोलावला. मग सहा आठवडे आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नासपतीच्या लाकडाची चौपट मोठी पावगाडी उभी होती आणि आई तिच्या आजूबाजूने बटाटे सोलायची. त्या लाकडी नमुन्यावरून यंत्राने लहान माप काढून पोलादी साचा कोरला. लायनेलसाहेब एकदा मोटारीतून आले, नमुन्याकडे बघून म्हणाले, “मागचा भाग जरा बुटका वाटतो,” आणि गेले. बेकरीची खरी गाडीच मागून बुटकी होती. तर या एका वाक्याच्या भांडवलावर हा मनुष्य पन्नास वर्षांनी शिल्पकार ठरला.

साच्यातून निघालेल्या पहिल्यावहिल्या चाचणीच्या गाड्यांपैकी एक वडिलांनी मला आठव्या वाढदिवसाला दिली. हिरवी, अंगावर बेकरीचं नाव नसलेली, कारण नावाचे छाप तोवर तयार नव्हते. ती अजून माझ्याकडे होती. मी ठरवलं, पिलिंगचं पुस्तक छापायला जाण्याआधी त्यात माझ्या बापाचं नाव घालून दाखवायचं. यापेक्षा जास्त मला काही नको होतं.

मी मंडळाला पत्र लिहिलं. पिलिंगचं उत्तर आलं : ‘वडिलांविषयी आपली भावना हृद्य आहे. तथापि भावना हा पुरावा नव्हे. सोबत इतिहास-दुरुस्तीचा अर्ज पाठवीत आहे.’ अर्ज नऊ कलमी, तीन प्रतींत, सोबत गाडीची सहा बाजूंनी छायाचित्रं. पहिल्यांदा तो परत आला, कारण मी निळ्या शाईने लिहिला होता. दुसऱ्यांदा आला, कारण छायाचित्रांत गाडीशेजारी पट्टी ठेवली नव्हती. तिसऱ्यांदा, गाडी १९६० पूर्वी पाहिलेल्या दोन सभासदांच्या सह्या नव्हत्या म्हणून. १९६० पूर्वी ती गाडी मी, आई आणि शेजारचं एक कुत्रं एवढ्यांनीच पाहिली होती, आणि त्यांतला कुणीही मंडळाचा सभासद नव्हता.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी नगरपालिकेच्या बांधकाम परवाना विभागात एकतीस वर्षं काढली. आमच्या पाद्रीबुवांच्या काचेच्या पडवीचा अर्ज मी नकाशाचा समास दोन बोटं कमी म्हणून चार वेळा परत पाठवला होता. माझा अर्ज परत आल्याचं पाद्रीबुवांना कळलं तेव्हा त्यांनी माझं सांत्वन केलं, पण करताना त्यांचा चेहरा फार प्रसन्न होता.

अखेर पिलिंगने मोठ्या मनाने कळवलं की, प्रदर्शनाच्या शनिवारी दुपारी दोन वाजता गाडी प्रत्यक्ष आणावी, जाहीर तपासणी होईल.

मी गाडी कपाटातून काढून बागेतल्या टेबलावर ठेवली. आठ वर्षांच्या मुलाला जेवढे म्हणून अपघात करता येतात तेवढे मी तिच्याकडून करवून घेतले होते. रंग निम्मा उडालेला, पांढरे रबरी टायर दातांसारखे पिवळे पडलेले. कुंपणावरून विल्फ रिमरने मान वर काढली. हा माझा शेजारी, निवृत्त नळवाला, जगातल्या झाडून सगळ्या विषयांतला अधिकारी.

“हे नेणार तू लोकांसमोर?” तो म्हणाला. “अरे नॉर्मन, हे कचऱ्यात टाकलंस तर कचरेवाला ‘तुमचं काहीतरी पडलं’ म्हणून परत आणून देईल!”

“जुनी आहे ती, विल्फ.”

“जुना तर मीही आहे. म्हणून मुलीच्या लग्नाला दाढी न करता गेलो होतो का? बापाच्या नावाचा प्रश्न आहे ना? मग बापाच्या गाडीला जरा माणसात आण!”

नळवाल्याचं म्हणणं मला पटलं. आयुष्यात मला फारच चुकीच्या माणसांचं म्हणणं पटत आलं आहे.

जीर्णोद्धाराला आरंभ झाला. तळाचा पत्रा ज्या रिव्हेटांनी बसवलेला होता त्या मी ड्रिलने कापल्या. ड्रिल रिव्हेटमधून आरपार गेलं आणि टेबलातूनही गेलं. मग विल्फने मोरीत टाकायचा कॉस्टिक सोडा आणला आणि डोरीनच्या रूबार्बच्या जॅमच्या बरणीत गाडी बुडवली. तासाभरात पन्नास वर्षांचा हिरवा रंग साय निघावी तसा सुटून आला. उलटी करून बघतो, तर छताच्या आतल्या अंगाला तीन बारीक पुटकुळ्या.

“ओतकामातली घाण,” विल्फने निदान केलं. “आमच्या नळांत नेहमी असायची. कानस घे आणि घासून काढ.”

मी घासल्या. अंगठा फिरवला तर लोण्यासारखं गुळगुळीत लागेपर्यंत घासल्या. ते काम करताना मला अतिशय समाधान वाटलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पिवळे टायर बुटाच्या पॉलिशने काळेभोर केले. मग नवा हिरवा रंग फवारायला बागेत गेलो आणि वारा सुटला. विल्फची शर्यतीची पांढरी कबुतरी डचेस कुंपणावर बसून माझं काम बघत होती. तिचा डावा पंख आणि अर्धं पोट हिरवं झालं. त्या आठवड्याच्या शर्यतीत ती पहिली आली, पण कबुतर मंडळाच्या पंचांनी तिला ओळखायलाच नकार दिला. विल्फ तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या संपूर्ण प्रकरणातले तेवढेच तीन दिवस मला सुखाचे गेले.

गाडी मात्र अशी झळकत होती की मला राहवेना. मी ती घेऊन साउथपोर्टच्या खेळण्यांच्या बाजारात गेलो आणि एका म्हाताऱ्या दुकानदारापुढे ठेवली. त्याने चष्मा लावला. काढला. पुसून पुन्हा लावला.

“कुणी केलं हे?”

“मी,” मी नम्रपणे म्हणालो.

“का?”

“चांगली दिसावी म्हणून.”

“साहेब, जुनी गाडी खरचटलेली चालते, चेपलेली चालते. पोराने चावलेली चालते. रंगवलेली चालत नाही. ही पन्नास वर्षांची होती, ती आता गेल्या मंगळवारची झाली.” त्याने गाडी उलटी केली. “टायर कुठले होते?”

“पांढरे. पण फार पिवळे पडले होते, म्हणून मी त्यांना...”

“पांढरे टायर फक्त चाचणीच्या गाड्यांना असायचे,” तो म्हणाला आणि स्टुलावर बसला. त्याच्या बायकोने त्याला पाणी दिलं. मला कुणी दिलं नाही.

पाच दिवस उरले होते. माझी पाचावर धारण बसली. विल्फ तोवर बोलायला लागला होता, म्हणजे संकटं पुन्हा सुरू झाली होती. तो म्हणाला, “रंगवलीस ना? मग आता झिजव.” प्रथम आम्ही गाडी कोऱ्या चहात भिजवली. मग दोन दिवस खताच्या ढिगात पुरली. नवा रंग ढिम्म हलेना. बापाच्या काळी कारखाना रंग लावायचा तो आठवड्यात उडायचा, आणि हा आजकालचा रंग प्रलयातसुद्धा टिकेल असा निघाला. शेवटी गुरुवारी सकाळी मी फुटपाथवर गुडघे टेकले आणि पावगाडी भिंतीला घासत कोपऱ्यापर्यंत पळवली. परत आणली. पुन्हा पळवली. चौथ्या खेपेला माझ्या ध्यानात आलं की मी तोंडाने मोटारीचा आवाज काढतो आहे. पन्नास वर्षांची सवय, आपोआप निघाला. आणि समोर सायकलवर पाद्रीबुवा.

“नॉर्मन, घरी सगळं ठीक आहे ना?”

“संशोधन चाललंय,” मी म्हणालो.

“हो का? चालू द्या, चालू द्या,” असं म्हणून त्यांनी सायकल आमच्या फाटकाकडे वळवली. नंतर कळलं की त्यांनी डोरीनला विचारलं, “मी कधी येऊन बसू का त्याच्याजवळ?”

शनिवारपर्यंत गाडी अंगावर गोवर उठलेल्या नवऱ्यामुलासारखी दिसू लागली. रंगाचे टवके उडाले होते, पण खाली धातू दिसायच्या ऐवजी विल्फने आधी लावायला दिलेला राखाडी अस्तररंग दिसत होता.

सभागृह भरलेलं होतं. डोरीनला चर्चच्या बायकांनी सँडविचं करायला बसवलं होतं. सभागृहातली पावाची फळी कुणीतरी लांबवलेली, म्हणून ती घरून आपली घेऊन आली होती आणि स्वयंपाकघराच्या खिडकीमागे हॅम कापत होती. पुढच्या रांगेत पुठ्ठ्याचे डबेवाले प्रेस्टनचे उपाध्यक्ष. त्यांच्यामागे ऐंशीच्या घरातल्या आयव्ही सेफ्टनबाई, ज्या एकेकाळी लॅपविंगच्या रंगखात्यात होत्या. त्या गाड्यांसाठी नाही, केकसाठी आल्या होत्या.

पिलिंगने पांढरा कोट घातला होता. हातात दात तपासायचा छोटा आरसा. त्याने माझी गाडी दोन बोटांत धरली, तळाची फट किलकिली करून आरसा आत घालून सावकाश फिरवला. त्याच्याकडे दात दाखवायला गेलेल्या माणसांची मला दया आली.

“सभ्य स्त्रीपुरुषहो,” तो म्हणाला आणि दिवे मंद करून पडद्यावर चित्र लावलं. दुसऱ्या एका पावगाडीच्या छताच्या आतल्या अंगाचं, टेबलाएवढं मोठं केलेलं. त्यात तीन ठिपके. दोन एकमेकांना खेटून, तिसरा जरा लांब, रुसल्यासारखा.

“प्रत्येक अस्सल पावगाडीत हे तीन ठिपके असतात. कुणी काढले, का काढले, हे कोडं सोडवायला मी अकरा पानी प्रकरण लिहिलं आहे. लायनेल कार्टमेल तीन भावांतले धाकटे. थोरल्या दोघांचं गूळपीठ, लायनेल एकटे पडलेले. हे ठिपके म्हणजे एका कलावंताची मूक वेदना आहे.” उपाध्यक्षांनी रुमाल काढला. “मिस्टर हेस्केथ यांच्या गाडीत मात्र ठिपके नाहीत. सबब गाडी नकली, आणि वडिलांची कथाही त्याच जातीची.”

कानस आठवली. अंगठा आठवला. ते समाधानही आठवलं.

“होते!” मी उभा राहून म्हणालो. “ठिपके होते. मी घासले.”

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं.

“घासले?” पिलिंग म्हणाला. “मिस्टर हेस्केथ, मी चाळीस वर्षं लोकांचे दात काढले. लोक दुखरा दात दाखवायला यायचे. घरीच उपटून रिकामी जागा दाखवायला कुणी आलं नाही!”

लोक हसले. विल्फही हसला, आणि त्याचं हसणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझे कान तापले. स्वतःचं हसं झालं याचं एवढं काही नव्हतं, ते माझं नेहमीच होतं. पण माझ्या बापाचं नाव माझ्याच हाताने पुसलं गेलं होतं आणि आता ते कुणालाही परत लिहिता येणार नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोरीनचा आवाज आला.

“नॉर्मन, हा माणूस माझ्या पावाच्या फळीचा फोटो का दाखवतोय?”

ती फळी घेऊनच बाहेर आली. एका हाताने हॅमचा तुकडा बाजूला केला, केसांतली पिन काढली, तीन खड्ड्यांतला चुरा टोकरला आणि फळी पिलिंगच्या नाकासमोर धरली. दोन खड्डे खेटून, तिसरा लांब.

“ही... ही लायनेल यांनी भेट दिली असेल,” पिलिंग म्हणाला.

“लायनेलने? मग घरचं स्टूलही त्यानेच केलं असेल, आणि उशाचं टेबल, आणि कोंबड्यांचं खुराडं! सगळ्यांना तुमच्या लायनेलचे भाऊ चिकटलेत. तेहतीस वर्षं मी त्यांच्यातला चुरा काढतेय, डॉक्टर. सासऱ्यांनी केलेल्या प्रत्येक वस्तूवर आहेत. फक्त सासूबाईंच्या शिवणाच्या पेटीवर दोनच, तेव्हा कंटाळले असतील.”

“कंटाळला नव्हता,” आयव्ही सेफ्टनबाई केक खाता खाता म्हणाल्या. “ती पेटी लग्नातली. तेव्हा दोघंच होते ना. दोन ठिपके म्हणजे हॅरल्ड आणि त्याची बायको. मग पोर झालं तेव्हा तिसरा आला. आम्ही विचारलं, हा लांब का रे? तर म्हणाला, आमचा नॉर्मन जरा फटकून असतो, पण असतो.”

पिलिंगने विचारलं, “बाई, हे तुम्ही इतकी वर्षं सांगितलं का नाही?”

“मला कुणी विचारलंच नाही. तुमचे अर्ज आमच्या गल्लीपर्यंत येतात कुठे?”

मी खुर्चीत बसलो. त्या गाडीच्या छताखाली आम्ही तिघं पन्नास वर्षं होतो. मी तिच्याशी खेळलो तेव्हा होतो, ती कपाटात पडली तेव्हाही होतो. आणि तिघांनाही मी कानशीने घासून, चिंधीने पुसून, डोरीनच्या झाडूने भरून केराच्या डब्यात टाकलं होतं. मी रडलो, आणि विल्फने दिलेला रुमाल हिरव्या रंगाने माखलेला निघाला.

पुस्तक जूनमध्ये आलं. अकरा पानी प्रकरण गेलं होतं आणि त्या जागी छापलं होतं : ‘पावगाडीचे रचनाकार : हॅरल्ड हेस्केथ.’ मी ती ओळ तीन वेळा वाचली. तळटीप डोरीनने मोठ्याने वाचली : ‘चाचणीची एकमेव ज्ञात गाडी एका अनाडी इसमाने सोड्यात बुडवून, घासून व रंगवून कायमची निकामी केली. त्याचे नाव देण्याचे प्रयोजन नाही.’

“दातवाला नेमकं लिहितो हं,” ती म्हणाली.

त्याच टपालाने पिलिंगने पावाची फळी मंडळाच्या काचेच्या कपाटासाठी मागितली होती. मी त्याला नऊ कलमी अर्ज पाठवला, तीन प्रतींत. तो भरून आला तसा परत केला, कारण शाई काळी होती.

मग त्याची आधीची सगळी पत्रं चुलीत घालावी म्हणून दारामागची लाकडी पत्रपेटी भिंतीवरून उतरवली. ती वडिलांनी आमच्या लग्नात दिलेली. तेहतीस वर्षांत ती कधी उतरवली नव्हती. मागे धूळ होती. पुसली, तर कोपऱ्यात ठिपके. दोन खेटून, तिसरा लांब आणि त्या तिसऱ्याला खेटून चौथा.

मी डोरीनला हाक मारली. तिने चष्मा लावून बघितलं, अंगठा फिरवला.

“कानस कुठे ठेवलीयस?” तिने विचारलं.

“शेडमध्ये. का?”

“विल्फला देऊन टाक,” ती म्हणाली आणि पत्रपेटी स्वतःच भिंतीवर टांगली.